बेंगळुरूतील भाड्याचे घर : अनामत, भोग्य आणि बोजा

नोकरीनिमित्त बेंगळुरूस जाणाऱ्या मराठी कुटुंबास मल्लेश्वरम, बसवनगुडी, जयनगर यांसारख्या जुन्या व तुलनेने शांत वसाहतींत एका शयनगृहाचे घर मिळाले, तर समाधान वाटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी घासाघीस होते ती भाड्याबाबत. वस्तुतः खरी जोखीम मासिक भाड्यात नसून, घरमालकाच्या स्वाधीन केलेल्या एकरकमी पैशात असते.

अनामतीचा हिशेब

दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत ही बेंगळुरूतील जुनी रूढी होय. अलीकडे अनेक घरमालक त्याहून कमी रकमेवरही तयार होतात. समजा, भाडे २०,००० रुपये व अनामत २ लाख रुपये आहे. ६ टक्के व्याजदर गृहीत धरल्यास वर्षाकाठी १२,००० रुपयांचे व्याज बुडते. म्हणजेच प्रत्यक्ष भाडे दरमहा २१,००० रुपये पडते. घर सोडताना रंगकामापोटी एका महिन्याचे भाडे कापून घेण्याचाही प्रघात आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. मात्र राज्याने तो स्वीकारल्याखेरीज बंधनकारक ठरत नाही.

भोग्याची पद्धत

मुंबईच्या ‘हेवी डिपॉझिट’शी साम्य असलेली पद्धत बेंगळुरूत ‘भोग्य’ किंवा नुसते ‘लीज’ या नावाने प्रचलित आहे. भाडेकरू मोठी बिनव्याजी रक्कम देतो, दरमहा भाडे देत नाही आणि मुदतीअंती पूर्ण रक्कम परत घेतो. १५ लाख रुपये दिल्यास, वरील दराने बुडणारे व्याज दरमहा ७,५०० रुपये होते. व्यवहार किफायतशीर दिसतो. परंतु तो मुद्दल परत मिळण्यावर सर्वस्वी अवलंबून आहे.

गहाण असलेले घर

घर गृहकर्जापोटी आधीच बँकेकडे गहाण असेल, तर त्यावर पहिला हक्क बँकेचा असतो. हप्ते थकल्यास बँक २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये ६० दिवसांची नोटीस देऊन पुढे घराचा ताबा घेऊ शकते. २०१६ च्या दुरुस्तीनुसार भाडेकरूस कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तथापि गहाणानंतर, बँकेच्या संमतीविना व नोंदणीविना झालेल्या कराराच्या आधारे त्याची बाजू दुबळी ठरते. घर सोडावे लागते आणि मुद्दलासाठी घरमालकामागे धावावे लागते.

कोणती खबरदारी घ्यावी?

१. उपनिबंधक कार्यालयातून किंवा राज्य शासनाच्या ‘कावेरी’ संकेतस्थळावरून मालमत्तेचा बोजा दाखला मिळवावा. मूळ दस्तऐवज बँकेकडे ठेवून केलेले गहाण त्यात दर वेळी आढळेलच असे नाही. म्हणून ‘सेरसाई’ या केंद्रीय नोंदणीतही अल्प शुल्क भरून शोध घ्यावा.

२. मालकीहक्काचे मूळ दस्तऐवज प्रत्यक्ष पाहावेत. ते बँकेत असल्यास बँकेचे लेखी संमतिपत्र मागावे.

३. अकरा महिन्यांचा करार रूढ आहे, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात मात्र अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो. भोग्यापोटी मोठी रक्कम देताना नोंदणीचा खर्च वाचवू नये.

४. रक्कम धनादेशाने अथवा बँक हस्तांतरणाने, करारातील मालकाच्याच खात्यात भरावी. दलालाच्या खात्यात भरू नये.

५. परतफेडीची मुदत, रंगकामाची कपात व देखभाल खर्च यांचा करारात स्पष्ट उल्लेख असावा.

ही चौकशी करण्यास दोन-चार दिवस पुरतात. अनेक वर्षांच्या बचतीतून उभी राहिलेली रक्कम देण्यापूर्वी तेवढे दिवस थांबणे केव्हाही श्रेयस्कर.