संगणकावरचा सामना आणि खेळाडूचे मोजमाप

२ नोव्हेंबर २०२४ रोजी लंडनमधील ओ-टू या विशाल क्रीडागृहात हजारो प्रेक्षक जमले होते. मध्यभागी उभारलेल्या रंगमंचावर पाच-पाच तरुण दोन बाजूंना बसले होते. प्रत्येकापुढे संगणक, उजव्या हाताखाली माऊस आणि कानांवर हेडफोन. मैदान नाही, चेंडू नाही, धावपळही नाही. तरी पुढील काही तास त्या प्रेक्षागारात जो जल्लोष आणि जी निराशा उमटली, ती कोणत्याही मोठ्या क्रीडासामन्यात शोभावी अशीच होती. ‘लीग ऑफ लीजंड्स’ या संगणकीय खेळाच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा तो अंतिम सामना होता. एका बाजूला दक्षिण कोरियाचा टी-वन संघ, दुसऱ्या बाजूला चीनचा बिलिबिली गेमिंग. पाचपैकी तीन डाव जिंकणारा संघ विजेता ठरणार होता. तीन डाव झाले तेव्हा चिनी संघ दोन-एक असा पुढे होता. त्यानंतरचे दोन्ही डाव टी-वनने जिंकले आणि सामना तीन-दोन असा संपला.

अंतिम सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून ली सांग-ह्योक याची निवड झाली. खेळाच्या जगात तो ‘फेकर’ या नावाने ओळखला जातो. मराठी कानाला हे नाव जरा गमतीचे वाटेल. पण या माणसाने थापा मारल्याचे कोणी म्हणत नाही. २०१३ साली सतरा वर्षांचा असताना त्याने पहिले जागतिक अजिंक्यपद मिळवले, पुढे २०१५, २०१६ आणि २०२३ मध्येही मिळवले, आणि लंडनमधील हे त्याचे पाचवे होते. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. ज्या खेळात पंचविशीतच अनेक जण निवृत्त होतात, त्यात हे वय ‘ज्येष्ठ’ म्हणावे असेच.

परंतु त्या वर्षभराचे आकडे पाहणाऱ्याला या निवडीचे थोडे आश्चर्य वाटले असते. कोरियातील साखळी स्पर्धेत फेकरपेक्षा सरस आकडे असलेला खेळाडू दुसराच होता. मग सर्वोत्तम कोण, हे ठरवायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी खेळ थोडक्यात समजून घेऊ.

या खेळात पाच जणांचे दोन संघ असतात. पडद्यावर एक चौकोनी प्रदेश दिसतो. त्याच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत दोन्ही संघांचे तळ असतात आणि त्या तळांना जोडणाऱ्या तीन वाटा असतात : वरची, मधली आणि खालची. वाटांवर संरक्षक बुरूज असतात, वाटांच्या मधल्या भागात जंगल असते. बुरूज पाडत पाडत प्रतिपक्षाच्या तळातील मुख्य केंद्र उद्ध्वस्त करणे, हेच जिंकणे. एक खेळाडू वरची वाट सांभाळतो, एक मधली, एक जंगलात फिरतो, आणि खालच्या वाटेवर दोघे असतात. त्या दोघांपैकी एक मुख्य मारा करतो व दुसरा त्याचा साहाय्यक असतो. डाव सुरू होण्यापूर्वी दीडशेहून अधिक पात्रांमधून प्रत्येकाने एक पात्र निवडायचे असते, आणि प्रत्येक संघाला प्रतिपक्षाची पाच पात्रे बादही करता येतात. दर काही क्षणांनी वाटांवरून छोटे सैनिक चालत येतात. त्यांच्यावर शेवटचा घाव घालणाऱ्याला सुवर्ण मिळते, आणि सुवर्णातून शस्त्रे घेता येतात. म्हणजे एका अर्थाने हा खेळ बुद्धिबळ, कबड्डी आणि बाजारातील हिशेब यांचे मिश्रण आहे.

संगणकावरच खेळला जात असल्याने येथे प्रत्येक कृतीची नोंद आपोआप होते. क्रिकेटमध्ये धावफलक लिहिण्यासाठी माणूस बसवावा लागतो. येथे यंत्रच सारे लिहून ठेवते. त्यामुळे आकड्यांचा तुटवडा कधीच नसतो. अडचण असते ती कोणता आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे ओळखण्याची.

सर्वांत प्रचलित आकडा बळी, मृत्यू आणि साहाय्य यांचा आहे. खेळाडूने किती प्रतिस्पर्धी पात्रे मारली आणि किती वेळा साथीदाराला मारण्यात हातभार लावला, यांची बेरीज करायची आणि तो स्वतः किती वेळा मेला त्या संख्येने भागायचे. समजा, एका संघाने एका डावात पंधरा बळी घेतले. त्यातील मधल्या वाटेच्या खेळाडूने चार बळी घेतले, सहा वेळा साहाय्य केले आणि तो दोनदा मेला. त्याचे गुणोत्तर पाच येते. त्याच संघाच्या साहाय्यकाने एकच बळी घेतला, बारा वेळा साहाय्य केले आणि तो पाच वेळा मेला. त्याचे गुणोत्तर २.६. पहिला जवळजवळ दुप्पट चांगला खेळला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण आता वेगळा हिशेब करून पाहा. संघाच्या पंधरा बळींपैकी पहिल्याचा सहभाग दहांत होता, दुसऱ्याचा तेरांत. म्हणजे अनुक्रमे सुमारे सदुसष्ट आणि सत्त्याऐंशी टक्के. त्याच डावातील, त्याच दोन माणसांची तुलना एका आकड्याने एका बाजूला झुकते, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूला.

साहाय्यक जास्त वेळा का मेला, हेही विचारायला हवे. या खेळात मेलेले पात्र काही काळाने पुन्हा जिवंत होते. डावाच्या सुरुवातीला ही प्रतीक्षा काही सेकंदांची असते, शेवटी शेवटी ती जवळपास एक मिनिटापर्यंत जाते. साहाय्यकाजवळ सुवर्ण सर्वांत कमी, शस्त्रे सर्वांत साधी. प्रतिपक्ष मुख्य मारेकऱ्यावर तुटून पडला की साहाय्यक पुढे होऊन घाव झेलतो. तो मरतो, पण ज्याच्याजवळ सारी शस्त्रे आहेत तो वाचतो आणि पुढची लढाई जिंकून देतो. हिशेबात मात्र हा त्याग ‘मृत्यू : एक’ एवढाच नोंदला जातो. अंधाऱ्या भागात टेहळणीची खूण ठेवण्याचे कामही बहुतांशी त्याचेच. खूण वेळेवर ठेवल्यामुळे शत्रूचा जो हल्ला झालाच नाही, त्याची नोंद कोणत्या रकान्यात करणार? टी-वनचा साहाय्यक केरिया हा त्याच्या जागेवरील अग्रगण्य खेळाडू मानला जातो, ते त्याची निवड आणि हालचाल पाहूनच.

म्हणून जाणकार पहिली दक्षता घेतात ती अशी : मधल्या वाटेच्या खेळाडूची तुलना मधल्या वाटेच्याच खेळाडूशी करायची. त्यातही डावाच्या पंधराव्या मिनिटाला समोरच्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा त्याच्याजवळ किती सुवर्ण अधिक किंवा उणे आहे, हा आकडा विशेष उपयोगी पडतो. दोघांनाही वाट तीच, वेळ तेवढाच. पण येथेही एक गोम आहे. एखादा खेळाडू इतका भयंकर असतो की प्रतिपक्ष त्याच्या आवडीची तीन-तीन पात्रे बाद करून टाकतो. त्याला दुय्यम पात्र घेऊन खेळावे लागते आणि त्याचे आकडे साधारण दिसतात; मात्र त्याच्यावर नकार खर्च झाल्याने साथीदारांना हवी ती पात्रे मोकळी मिळतात. हा खेळाडू काही न करता संघाच्या कामी आलेला असतो.

आता ज्याचे आकडे सरस होते त्या खेळाडूकडे वळू. जोंग जी-हून, खेळातील नाव ‘चोवी’, हा कोरियाच्याच जेन-जी संघाचा मधल्या वाटेचा खेळाडू. सैनिकांवर अचूक शेवटचा घाव घालून सुवर्ण जमवण्यात त्याची ख्याती जगभर आहे. २०२२ च्या उन्हाळी हंगामापासून २०२४ च्या वसंत हंगामापर्यंत जेन-जीने कोरियातील सलग चार विजेतेपदे जिंकली, त्यात त्याचा वाटा मोठा होता. २०२४ साली टी-वन जेन-जीकडून पुन्हा पुन्हा हरला होता, आणि कोरियाचा चौथ्या क्रमांकाचा संघ म्हणून जागतिक स्पर्धेत कसाबसा पोहोचला होता. पॅरिस येथील उपांत्य सामन्यात हे दोन संघ समोरासमोर आले, तेव्हा जेन-जीचे पारडे जड मानले जात होते. टी-वनने तो सामना तीन-एक असा जिंकला.

येथे संख्येचा प्रश्न येतो. कोरियाच्या त्या वेळच्या साखळीत दहा संघ एकमेकांशी दोनदा खेळत. म्हणजे प्रत्येक संघाचे अठरा सामने, आणि प्रत्येक सामना तीनपैकी दोन डावांचा. एका हंगामात किमान छत्तीस डाव. त्याउलट पॅरिसचा उपांत्य सामना अवघ्या चार डावांत आटोपला. छत्तीस डावांतून खेळाडूची सवय दिसते. चार डावांतून त्या दिवशीचा खेळ दिसतो. जागतिक स्पर्धेत तर सर्वांच्या वाट्याला सारखे प्रतिस्पर्धीही येत नाहीत. सोळा संघांच्या त्या टप्प्यात समान जय-पराजय असलेले संघ एकमेकांशी लढतात. तीन विजय मिळवणारा पुढे जातो, तीन पराभव झालेला घरी. त्यामुळे एकाने दुबळ्या संघांविरुद्ध मिळवलेले गुणोत्तर आणि दुसऱ्याने बलाढ्य संघांविरुद्ध मिळवलेले गुणोत्तर शेजारी शेजारी मांडणे म्हणजे गावच्या तलावातील आणि भर समुद्रातील पोहणे एकाच घड्याळाने मोजणे होय.

लंडनच्या अंतिम सामन्यात चौथ्या डावात फेकरने सायलस हे पात्र घेतले. प्रतिस्पर्ध्याचे सर्वांत मोठे अस्त्र चोरून त्याच्यावरच वापरता येते, हे या पात्राचे वैशिष्ट्य. पाचव्या डावात त्याने गॅलिओ घेतला. गॅलिओ हा बळी मिळवणारा वीर नव्हे. तो दगडी देहाचा रक्षक आहे. दूरवर संकटात सापडलेल्या साथीदाराजवळ झेप घेऊन उतरावे आणि शत्रूला स्वतःकडे खेचून धरावे, हे त्याचे काम. जागतिक अजिंक्यपदाच्या शेवटच्या डावात, पदरी चार विजेतेपदे असलेल्या खेळाडूने असे पात्र निवडावे, यातच त्याच्या खेळाची जात कळते. लढाई कधी सुरू करायची आणि कधी टाळायची, हे तो ठरवत होता. बळींच्या रकान्यात त्या निर्णयांना जागा नसते.

माझ्या मते ती निवड योग्य होती. तिचा अर्थ फेकर चोवीपेक्षा श्रेष्ठ, असा मात्र मी लावणार नाही. ‘वर्षभर सर्वांत सातत्याने कोण खेळला?’ आणि ‘निर्णायक दोन डावांत सामना कोणी फिरवला?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर आकडे बऱ्यापैकी देतात. दुसऱ्यासाठी डाव पुन्हा पाहावा लागतो, तोही एकदा नव्हे.

याच दोघांचा आणखी एक प्रसंग येथे आठवतो. २०२३ साली चीनमधील हांगझोउ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत ई-स्पोर्ट्सला प्रथमच पदकाचा दर्जा मिळाला. (त्याआधी २०१८ मध्ये जकार्ता येथे हे खेळ केवळ प्रदर्शनीय होते; तेथे ‘हार्थस्टोन’ या खेळात भारताच्या तीर्थ मेहताने कांस्यपदक मिळवले होते.) हांगझोउला फेकर आणि चोवी एकाच कोरियन संघात होते. फेकर आजारी पडला, उपांत्य आणि अंतिम सामन्यांत मधली वाट चोवीने सांभाळली, आणि सुवर्णपदक संघातील सहाही जणांच्या गळ्यात पडले. चीनविरुद्धच्या निर्णायक उपांत्य सामन्यात फेकरच्या नावापुढे एकही आकडा नाही.

हे सारे केवळ चाहत्यांच्या वादापुरते राहत नाही. या व्यवसायातील खेळाडूंचे करार अल्पमुदतीचे असतात, आणि कोवळ्या वयातील मुले शाळा सोडून किंवा लांबणीवर टाकून यात उतरतात. संघात कोणाला ठेवायचे आणि कोणाला बाकावर बसवायचे, हे ठरवताना व्यवस्थापकापुढे हेच तक्ते असतात. चुकीच्या रकान्यावर बोट ठेवले, तर एखाद्याचे उमेदीचे वर्ष वाया जाते. शिवाय खेळही स्थिर नसतो. निर्माते साधारण दर दोन आठवड्यांनी पात्रांच्या शक्तीत बदल करतात, त्यामुळे काल दुबळे असलेले पात्र आज प्रबळ होते. २०२५ च्या जागतिक स्पर्धेत तर नियमच पालटला : एका सामन्यात एकदा खेळलेले पात्र पुढील डावांत कोणत्याच संघाला घेता येईना. आवडत्या दोन-तीन पात्रांवर भिस्त ठेवणाऱ्यांची त्यात पंचाईत झाली. २०२४ आणि २०२५ च्या आकड्यांची तुलना करणाऱ्याने ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी.

त्या २०२५ च्या स्पर्धेचा अंतिम सामना नोव्हेंबरमध्ये चीनमधील चेंगदू येथे झाला. टी-वनने आपल्याच देशाच्या केटी रोल्स्टर संघाला तीन-दोन असे हरवून सलग तिसरे अजिंक्यपद मिळवले. फेकरचे ते सहावे. सर्वोत्कृष्ट खेळाडू मात्र या वेळी खालच्या वाटेवरचा गुमायुसी ठरला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला संघाने त्याला काही काळ बाकावर बसवून त्याच्या जागी एका नवोदिताला खेळवले होते.