एका अंशाची किमया

शिसपेन्सिलीने ओढलेल्या रेघेत शिसे मुळीच नसते. असते ते ग्रॅफाइट. नाव मात्र जुन्या गैरसमजुतीमुळे चिकटून राहिले आहे. ग्रॅफाइट म्हणजे एकेका अणूच्या जाडीच्या कार्बन थरांची चळत होय. एक मिलिमीटर जाडीत असे सुमारे ३० लाख थर मावतात. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम व कॉन्स्टँटिन नोव्होसेलॉव्ह यांनी साध्या चिकटपट्टीच्या साहाय्याने असा एक थर सुटा केला व २००४ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. या थरास ग्राफीन म्हणतात. या कार्याबद्दल उभयतांना २०१० चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

पदार्थातून वीज कशी वाहावी, हे त्यातील इलेक्ट्रॉनांना कोणत्या ऊर्जापातळ्या उपलब्ध आहेत यावर ठरते. या पातळ्यांची मांडणी बदलावयाची तर सामान्यतः पदार्थाच्या घडणीतच हात घालावा लागतो. सिलिकॉनमध्ये फॉस्फरस किंवा बोरॉन अत्यल्प प्रमाणात मिसळतात, तोही पदार्थाचे विद्युत् गुणधर्म बदलण्यासाठीच. ग्राफीनच्या बाबतीत मात्र काहीही न मिसळता, केवळ थर फिरवून हे साधते.

मच्छरदाणीच्या जाळीचे दोन तुकडे एकावर एक ठेवून वरचा किंचित फिरविला, तर मूळ जाळीहून कितीतरी मोठी नक्षी उमटते. कोन जितका लहान, तितकी नक्षी मोठी. ग्राफीनच्या दोन थरांतही हेच घडते. अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठातील राफी बिस्ट्रिट्झर व ॲलन मॅकडोनल्ड यांनी २०११ साली गणिताने दाखविले की, हा कोन सुमारे १.१ अंश असल्यास इलेक्ट्रॉनांचा वेग जवळजवळ शून्यावर येतो. एरवी ते सेकंदाला सुमारे एक हजार किलोमीटर वेगाने धावतात. वेग मंदावला की त्यांचे परस्परांवरील परिणाम प्रबळ ठरतात.

त्याचे प्रत्यंतर २०१८ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत आले. पाब्लो हारिलो-हेरेरो, युआन काओ व सहकाऱ्यांनी असे जोडथर तयार केले आणि व्होल्टता बदलून त्यांतील इलेक्ट्रॉनांची संख्या कमीअधिक केली. एका विशिष्ट संख्येस तो पदार्थ विद्युत् निरोधक ठरला. ती संख्या थोडी बदलताच त्याच पदार्थातील विजेचा रोध नाहीसा झाला. म्हणजे तो अतिसंवाहक बनला.

हे तुकडे तयार करणे जिकिरीचे असते. दोन निरनिराळे थर घेतले तर त्यांच्या अणुजाळीच्या दिशा जुळविणे कठीण. म्हणून एकच थर फाडून त्याचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यावर ठरावीक कोनात ठेवतात. एवढे करूनही थर आपोआप सरकतात, एकाच तुकड्यात कोन जागोजागी बदलतो आणि एक दशांश अंशाच्या चुकीनेही परिणाम बिघडतो. शिवाय ही अतिसंवाहकता उणे २७१ अंश सेल्सियसहूनही कमी तापमानातच आढळली. तेव्हा वीजगळती थांबविणाऱ्या तारांची अपेक्षा यातून इतक्यात करणे योग्य होणार नाही. २०२१ साली तीन थरांची रचनाही अतिसंवाहक ठरली. तिच्यासाठी मात्र कोन सुमारे १.६ अंश ठेवावा लागला.