तो सुस्कारा कशाचा?

काही कवितांचा अर्थ आपल्याला त्या वाचायच्या आधीच ठाऊक असतो! अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टची ‘द रोड नॉट टेकन’ ही त्यातलीच एक. एनसीईआरटीच्या नववीच्या इंग्रजीच्या ‘बीहाइव्ह’ या पुस्तकात ती अनेक वर्षं होती. मुलांचा अभ्यास घेताना तुमच्यापैकी कित्येकींनी ती वाचलीही असेल. निरोप समारंभाच्या भाषणात तर ती हमखास भेटते. आणि अर्थ विचारला, की उत्तर तयार असतं. मळलेल्या वाटेनं जाऊ नका, आडवाट धरा, आयुष्याचं सोनं होईल.

पण मैत्रिणींनो, कविता खरंच असं म्हणते का?

अवघ्या वीस ओळींची ही कविता. पानगळीच्या दिवसांत एक वाटसरू रानात चाललाय. पुढे वाट दुभंगते. दोन्हीकडे जाणं शक्य नाही, म्हणून तो थांबतो. एक वाट वळणापर्यंत दिसते, तेवढी निरखतो आणि दुसरीच धरतो. का? तर तिच्यावर गवत जास्त आहे, फारसं कुणी गेलेलं दिसत नाही, म्हणून. इथपर्यंत सगळं आपल्या ओळखीचं आहे. पण लगेच पुढे तो कबूल करतो, की खरं पाहिलं तर दोन्ही वाटा सारख्याच झिजलेल्या होत्या. त्या सकाळी दोन्हींवर पानं पडली होती, आणि ती कुणी तुडवलेली नव्हती.

म्हणजे आडवाट अशी नव्हतीच!

मग शेवटी तो म्हणतो, की खूप वर्षांनी मी सुस्कारा टाकून सांगेन, मी कमी वर्दळीची वाट निवडली आणि त्यानंच सगळा फरक पडला. इथे ‘सांगेन’ हा शब्द महत्त्वाचा. फरक चांगला पडला की वाईट, हे कवितेत कुठेच नाही. सुस्कारा समाधानाचा की हळहळीचा, तेही नाही. आणि शीर्षक बघा. ते घेतलेल्या वाटेबद्दल नाहीच, राहून गेलेल्या वाटेबद्दल आहे.

मित्राची चेष्टा

या कवितेमागची गोष्ट मोठी चटका लावणारी आहे. 1912 साली अडतीस वर्षांचा फ्रॉस्ट बायको एलिनॉर आणि चार मुलांना घेऊन इंग्लंडला गेला. अमेरिकेत कवी म्हणून त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. कॅनडातल्या व्हँकुव्हरला जायचं की इंग्लंडला, हे त्यांनी म्हणे चक्क नाणं उडवून ठरवलं!

इंग्लंडमध्ये त्याला एडवर्ड थॉमस हा लेखक भेटला आणि दोघांची गट्टी जमली. 1914 साली ग्लॉस्टरशायरच्या रानावनातून दोघे मैलोन्‌मैल भटकायचे. फ्रॉस्टला काही खास दाखवावं म्हणून थॉमस एखादी वाट निवडायचा आणि परत येताना हळहळायचा, ‘अरेरे, त्या दुसऱ्या वाटेनं नेलं असतं तर!’ कुठलीही वाट घेतली तरी हे ठरलेलंच. फ्रॉस्टला त्याची गंमत वाटायची. 1915 च्या सुरुवातीला अमेरिकेत परतल्यावर त्यानं थॉमसला ही कविता पाठवली. मित्राच्या या हळहळीची ती चेष्टा होती.

पण थॉमसला चेष्टा कळलीच नाही. त्यानं कविता मनाला लावून घेतली. तेव्हा तो स्वतःच दोन वाटांच्या तोंडाशी उभा होता. युरोपात पहिलं महायुद्ध पेटलेलं. फ्रॉस्टच्या सोबतीला अमेरिकेत जाऊन शेती आणि लेखन करायचं, की सैन्यात जायचं? वय सदतीस, घरी पत्नी हेलन आणि तीन मुलं. त्याच्यावर सक्ती नव्हती. तरीही जुलै 1915 मध्ये तो सैन्यात भरती झाला. एका कवितेमुळे कुणी युद्धावर जात नाही. त्याच्या मनात बरंच काही चाललं असणार. 9 एप्रिल 1917 रोजी फ्रान्समधल्या अरासच्या लढाईत तो मारला गेला.

तो गेला तेव्हा कविता लिहायला लागून त्याला अडीच वर्षंही झाली नव्हती. आणि कविता लिही म्हणून त्याच्या मागे लागणारा होता फ्रॉस्टच!

आणि हेलन?

या गोष्टीत दोन पुरुष वाटांबद्दल बोलतात. पण त्या वाटेवरून चालावं लागलं ते हेलनला. नवरा युद्धावर जावा, ही निवड तिची नव्हती. आपल्याकडेही कित्येकींच्या आयुष्यात असंच होतं, नाही का? बदली नवऱ्याची होते, नोकरी आपली सुटते. शिक्षण थांबवायचं ठरवतात घरचे, आणि पुढची तीस वर्षं काढतो आपण. फ्रॉस्टचा वाटसरू एकटाच उभा राहून विचार करू शकला, ही चैनही प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही.

हेलन दुःखानं पार कोलमडून गेली होती. त्यातून सावरण्यासाठी ती लिहायला बसली. 1926 मध्ये ‘अ‍ॅज इट वॉज’ आणि 1931 मध्ये ‘वर्ल्ड विदाउट एंड’ अशी तिची दोन पुस्तकं आली. त्यांत तिनं नवऱ्याला देव केलं नाही आणि स्वतःला बिचारीही केलं नाही. त्याचे उदासीचे झटके, पैशाची ओढाताण, आणि दोघांचं अपार प्रेमही तिनं लिहिलं. जे जसं होतं, तसं. पहिल्या पुस्तकाच्या नावाचा अर्थही तोच आहे.

मला वाटतं, फ्रॉस्टच्या कवितेला याहून चांगलं उत्तर नाही. तो म्हणतो, माणूस मागे वळून आपली गोष्ट रचतो, सारख्याच वाटांमध्ये फरक पाहतो. आपणही तेच करतो. कधी म्हणतो, ‘मी बी.एड. केलं असतं तर आज कुठल्या कुठे असते!’ कधी म्हणतो, ‘मुलांसाठी मी सगळं सोडलं.’ दोन्हींत थोडं खरं असतं आणि थोडं नंतर रचलेलं. न घेतलेल्या वाटेवर ना खड्डे असतात, ना ऊन. ती नेहमी सुंदरच दिसते, कारण आपल्याला ती फक्त वळणापर्यंत दिसलेली असते.

म्हणून पुढच्या वेळी जुना निर्णय आठवून जीव हळहळला, तर स्वतःला एवढंच विचारा, की त्या दिवशी मला काय माहीत होतं? हातात किती पैसे होते? सोबत कोण होतं? मला कुणी विचारलं तरी होतं का? आज जे कळतंय, ते तेव्हा कळत नव्हतं, याचा राग त्या वेळच्या आपल्यावर कशाला काढायचा? आणि कुणी विचारलंच नसेल, तर तेही स्पष्ट म्हणावं. त्यागाचं गोड नाव त्याला देऊ नये.

दहावी-बारावीनंतर सायन्स की आर्ट्स, या प्रश्नानं रडकुंडीला आलेली लेक घरात असेल, तर तिला ही कविता जरूर वाचून दाखवा. एक वाट सोन्याची आणि दुसरी मातीची, असं बहुतेक वेळा नसतं. नीट बघावं, एक धरावी आणि चालायला लागावं. एका वाटेला पुढे दुसरी फुटत जाते आणि परतणं बहुधा होत नाही, हेही कविता सांगतेच.

मग तिला तुमची स्वतःची गोष्टही सांगा. तुम्ही कुठल्या वळणावर थांबला होता, तेव्हा काय दिसत होतं, काय दिसत नव्हतं. भाषण नको, सुस्कारा नको. जशी घडली, तशी.