कर्णजन्य मस्तिष्क उपद्रव
मध्यकर्णाच्या चिरकारी (दीर्घकालीन) पूयुक्त शोथातील संसर्ग कवटीच्या पोकळीत पसरल्यामुळे उद्‌भवणाऱ्या विकारांना ‘कर्णजन्य मस्तिष्क उपद्रव’ म्हणतात. मध्यकर्ण व मेंदू यांच्यामध्ये हाडाचा केवळ पातळ पडदा असतो.

कारणे : कर्णपटलाच्या मध्यभागी छिद्र असून पातळ, दुर्गंधरहित स्राव वाहत असल्यास धोका कमी असतो. छिद्र कडेला किंवा वरच्या भागात असून स्राव अल्प परंतु दुर्गंधीयुक्त असल्यास कोलेस्टिॲटोमाची शंका घ्यावी लागते. त्वचेच्या मृत पापुद्र्यांनी भरलेली ही पिशवी अर्बुद नसली, तरी सभोवतालचे हाड झिजवीत वाढते. झिजलेल्या हाडातून, शोथ व क्लथन (रक्त साखळणे) झालेल्या सूक्ष्म नीलांतून किंवा अंतर्कर्णाच्या मार्गे जंतू आत शिरतात.

प्रकार व लक्षणे : मस्तिष्कावरणशोथात ज्वर, तीव्र डोकेदुखी, वांती, मानेचा ताठरपणा व प्रकाश असह्य होणे ही लक्षणे दिसतात. पार्श्व नीलाकोटरात रक्त साखळल्यास हुडहुडी भरून चढउतार होणारा ताप येतो. मस्तिष्क विद्रधी (पूयुक्त गळू) बहुधा कान फुटलेल्या बाजूच्याच शंखखंडात वा निमस्तिष्कात होतो. डाव्या शंखखंडातील विद्रधीमुळे वाचादोष, तर निमस्तिष्कातील विद्रधीमुळे तोल जाणे व हालचालींतील असंबद्धता आढळते. विद्रधी काही काळ जवळजवळ लक्षणहीनही राहू शकतो.

निदान व उपचार : संगणकीय छेदचित्रण (सीटी स्कॅन) व चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन यांमुळे विद्रधीचे स्थान निश्चित होते. कवटीतील दाब वाढला असल्यास कटिवेधाने मस्तिष्कमेरुद्रव काढणे धोक्याचे असते. म्हणून छेदचित्रण आधी करतात. प्रतिजैव औषधे नीलेवाटे देतात, विद्रधीतील पू शस्त्रक्रियेने काढतात आणि कर्णमूलास्थीतील रोगट भाग काढून मूळ संसर्गाचे उच्चाटन करतात. अशा शस्त्रक्रियांचा पाया ग्लासगो येथील शल्यविशारद विल्यम मॅकईवन यांनी घातला. मेंदू व मेरुरज्जू यांच्या पूयजनक विकारांवरील त्यांचा ग्रंथ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रतिबंध : चिरकारी विकारात कान सहसा दुखत नाही, त्यामुळे ‘कान वाहणे’ क्षुल्लक समजले जाते. वाहत्या कानात तेल अथवा पाणी जाऊ देऊ नये. अशा रुग्णास डोकेदुखी, ताप, चक्कर, चेहऱ्याचा पक्षाघात वा गुंगी यांपैकी काहीही जाणवल्यास त्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. अशा वेळी स्राव एकाएकी थांबणे हे बरे होण्याचे चिन्ह मानू नये.