खिशातले टोले

जुने मिनिट रिपीटर घड्याळ विकत घेणारा जाणकार आधी काटे १२ वाजून ५९ मिनिटांवर आणतो आणि मग कडेची सरकती कळ ओढून कान देतो. जाड सुरात बारा ठोके पडतात, ते तासांचे. मग दोन्ही सुरांच्या तीन जोड्या, म्हणजे तीन पाव तास. शेवटी बारीक सुरात चौदा ठोके, ती उरलेली मिनिटे. एकूण बत्तीस. याहून जास्त ठोके कोणत्याच वेळेला पडत नाहीत, त्यामुळे यंत्राची खरी परीक्षा इथेच होते. एखादा ठोका गळला, लय अडखळली किंवा सूर बसका लागला, की बोलीचा आकडा खाली येतो.

हौस म्हणून जमवली जाणारी ही घड्याळे जन्माला आली ती गरजेपोटी. सतराव्या शतकात रात्री वेळ बघायची तर आधी दिवा लावावा लागे, आणि काडेपेटी तर नव्हतीच. घासून पेटणाऱ्या काड्या इंग्लंडमध्ये विकायला आल्या त्या १८२७ मध्ये. अंथरुणात पडल्या पडल्या कळ दाबून वेळ ऐकता येणे ही तेव्हा मोठीच चैन होती.

या चैनीच्या मालकीवरून भांडणही झाले. एडवर्ड बार्लो या धर्मगुरूने अशा घड्याळाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि लंडनचे घड्याळजी डॅनियल क्वेअर यांनी हरकत घेतली. १६८७ मध्ये राजा दुसरा जेम्स याने दोघांचीही घड्याळे वाजवून पाहिली. बार्लोच्या घड्याळात तासांसाठी एक आणि पाव तासांसाठी दुसरी अशा दोन कळा होत्या. क्वेअरच्या घड्याळात एकाच कळीत काम होई. निकाल क्वेअरच्या बाजूने लागला.

आतली करामत अशी. कळ ओढली की टोल्यांसाठीची वेगळी स्प्रिंग ताणली जाते. काट्यांबरोबर फिरणाऱ्या चकत्यांना पायऱ्या पाडलेल्या असतात. तासांच्या चकतीला बारा, पाव तासांच्या चकतीला चार. त्या क्षणी जी पायरी समोर असेल तिच्यावर एक दांडी जाऊन टेकते. ती जितकी खोल जाईल तितके दाते मोकळे होतात आणि प्रत्येक दाता हातोडीला एकेक ठोका मारायला लावतो. मिनिटांची चकती सर्वांत नाजूक. तिला चार बाहू असतात आणि प्रत्येकावर मिनिटामिनिटाच्या बारीक पायऱ्या.

सुरुवातीच्या रिपीटरांत केसच्या आत चक्क घंटा बसवलेली असे. त्यामुळे घड्याळ कांद्यासारखे फुगीर दिसे. १७८३ मध्ये पॅरिसच्या अब्राहम-लुई ब्रेगे यांनी घंटा काढून यंत्राभोवती वळवलेली पोलादी तार बसवली. घड्याळ सडपातळ झाले आणि आवाजही गोड झाला. काहींत तर घंटाही नसे आणि तारही. हातोडी थेट केसवर आपटे आणि वेळ बोटांना कळे. चार माणसांत बसून गुपचूप वेळ पाहायची ही सोय!

इतके किमती यंत्र साहजिकच सोन्यात, बहुधा १८ कॅरेटच्या केसमध्ये बसवले जाई. पण हेच सोने पुढे या घड्याळांच्या मुळावर उठले. भाव चढला की केस मोडीत जाई आणि शेकडो तास राबून घडवलेले यंत्र उघडे पडे. अशी बिनकेसची यंत्रे आजही बाजारात दिसतात. म्हणूनच संग्राहक केस आणि यंत्र यांची जोडी मूळची आहे ना, हे बारकाईने तपासतो. दोन्हींवरचे क्रमांक जुळतात का? इंग्लिश केसवर मुकुट आणि १८ चा आकडा, शिवाय वर्ष सांगणारे अक्षर आहे का? स्विस केसवर ०.७५० चा शिक्का आहे का? पाटेक फिलिप कंपनी तर आपल्या जुन्या नोंदवह्यांतून घड्याळाच्या जन्माचा उताराही देते.

या छंदाचे टोक गाठले ते दोन अमेरिकन धनिकांनी. मोटारी बनवणारे जेम्स वॉर्ड पॅकार्ड यांनी पाटेककडून असे घड्याळ करून घेतले, की त्यावर त्यांच्या वॉरन गावाचे तारांगण दिसे. न्यूयॉर्कचे बँकर हेन्री ग्रेव्हज यांच्या हाती १९३३ मध्ये आलेल्या घड्याळात वेळेखेरीज इतर २४ करामती होत्या आणि टोले होते वेस्टमिन्स्टरच्या सुरावटीचे. २०१४ मध्ये जिनिव्हात ते २ कोटी ३२ लाख स्विस फ्रँकांना गेले.

आपल्याकडेही ही घड्याळे आली. मुंबईच्या राजाबाई टॉवरचे घड्याळ बनवणाऱ्या लंडनच्या पेढीचे मुंबईत दुकान होते आणि तिच्या नावाची सोन्याची मिनिट रिपीटर घड्याळे आजही लिलावांत येतात. जुन्या घराच्या कपाटात असे एखादे निघालेच, तर सोनाराच्या काट्याआधी ते जाणत्या घड्याळजीच्या हाती द्यावे. तेल सुकलेले असताना कळ ओढू नये. टोले पडत असताना काटे फिरवू नयेत, नाजूक दाते तुटतात. आणि शंभरी ओलांडलेली अशी वस्तू पुरावशेष ठरली, तर १९७२ च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. जिनिव्हाचे आकडे ऐकून हुरळलेल्या वारसदारांनी एवढे आधी पाहून घ्यावे.