अंगाचें क्षेत्रफळ आणि औषधाची मात्रा

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या युगुलमूर्ति कोरलेल्या आहेत. त्यांतील एखाद्या मूर्तीची सर्व बाजूंनीं दुप्पट अशी सुटी प्रतिकृति घडवावयाची ठरल्यास तिला दगड आठपट लागेल. परंतु घासून गुळगुळीत करावयाचा पृष्ठभाग चौपटच वाढेल. आकार वाढतो तसें वजन पुढें धांवतें आणि पृष्ठभाग मागें राहतो. मनुष्यदेहही भूमितीच्या या नियमाला अपवाद नाहीं. लहान मुलाचें अंग त्याच्या वजनाच्या मानानें मोठें असतें, तें यामुळेंच.

जर्मन शास्त्रज्ञ रुबनेर यांनीं १८८३ सालीं लहानमोठ्या कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, देह जी उष्णता खर्च करतो ती वजनापेक्षां पृष्ठभागाच्या प्रमाणांत असते. पुढें १९५८ सालीं अमेरिकन डॉक्टर डोनाल्ड पिंकेल यांनीं कर्करोगावरील औषधांची मात्रा याच मापानें ठरविण्याचा पुरस्कार केला. मुंबईस परळ येथें १९४१ सालीं सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणीं मावळांतून एखादें मूल उपचारासाठीं नेलें, तर त्याची उंची व वजन आधीं कां घेतात, याचें उत्तर येथें आहे.

परंतु अंगाचें क्षेत्रफळ मोजावें कसें? न्यूयॉर्कच्या दोघा ड्यूबॉइस संशोधकांनीं माणसांच्या अंगावर सांचे बसवून, ते कापून सपाट केले व त्यांचें क्षेत्रफळ मोजलें. अवघ्या ९ व्यक्तींच्या मापांवरून त्यांनीं १९१६ सालीं सूत्र बसविलें. १९८७ सालीं मॉस्टेलर यांनीं सोपें सूत्र दिलें: सेंटिमीटरमधील उंचीस किलोग्रॅममधील वजनानें गुणावें, ३६०० नें भागावें आणि वर्गमूळ काढावें; उत्तर चौरस मीटरमध्यें येतें.

१६२ सेंटिमीटर उंच व ५० किलोग्रॅम वजनाच्या माणसाचा गुणाकार ८१००. त्याचें क्षेत्रफळ १.५. उंची १०० व वजन १६ असलेल्या मुलाचें ०.६७. समजा, या माणसास एखादें औषध १५० मिलिग्रॅम द्यावयाचें आहे. वजनाच्या हिशेबानें मुलाला ४८ मिलिग्रॅम मिळेल, क्षेत्रफळाच्या हिशेबानें सुमारें ६७. हा फरक लहान नव्हे; मात्रा उणी पडली तर रोग उरतो, अधिक झाली तर औषधच घात करतें.

तथापि हें सूत्र म्हणजे वैद्यकाचें सर्वस्व नव्हे. अगदीं तान्ह्या मुलांचीं इंद्रियें अपक्व असल्यानें त्यांना पुष्कळदां वजनावरच मात्रा देतात. कांहीं औषधांस मूत्रपिंडाची शक्ति पाहावी लागते. शिवाय आजारांत वजन झपाट्यानें उतरतें. म्हणून दर खेपेस रुग्णाला पुन्हां कांट्यावर उभें करतात, तेव्हां घरच्या माणसांनीं त्याचा कंटाळा करूं नये. मागच्या महिन्याच्या वजनावर आजची मात्रा ठरत नाहीं.