चार कळांवरची मोटारसायकल

ब्राउझरमध्ये, म्हणजे वेगळे काही उतरवून न घेता थेट संकेतस्थळावरच, खेळल्या जाणाऱ्या मोटारसायकल खेळांना सरसकट शर्यतीचे खेळ म्हटले जात असले, तरी त्यांतील सर्वांत लोकप्रिय प्रकारात प्रतिस्पर्धी स्वार बहुधा नसतोच. पडद्यावर एकच गाडी असते, तिच्यापुढे चढउतारांची आणि सापळ्यांनी भरलेली वाट असते आणि कोपऱ्यात सेकंद मोजणारे घड्याळ चालू असते. मॅडपफर्स या निर्मात्यांचा ‘मोटो एक्सथ्रीएम’ हे या प्रकाराचे आज सर्वाधिक परिचित उदाहरण होय. त्यात गाडी बाजूने दिसते, त्यामुळे डावी-उजवीकडे वळण्याचा प्रश्नच उरत नाही आणि सगळा कारभार बाणांच्या चार कळांवर चालतो: वरच्या कळेने गाडीला रेस द्यायची, खालच्या कळेने ब्रेक लावायचा, डावी कळ दाबली की गाडी मागे कलते आणि उजवी दाबली की पुढे. नवखा खेळाडू वरची कळ दाबूनच ठेवतो आणि पहिल्या मोठ्या उंचवट्यावर डोक्यावर आपटतो. कारण हा खेळ नावाने वेगाचा असला, तरी प्रत्यक्षात तो तोलाचा आहे.

मोटारसायकलीच्या संगणकीय खेळांची दोन घराणी पहिल्यापासून वेगळी राहिली. एका घराण्यात स्वार पाठीमागून दिसतो आणि रस्ता क्षितिजाकडून त्याच्या अंगावर धावत येतो. सेगा कंपनीसाठी यू सुझुकी यांनी १९८५ मध्ये रचलेला ‘हँग-ऑन’ हा याचा ठळक आरंभ असून, त्याच्या एका आवृत्तीत खेळाडूला मोटारसायकलीच्या प्रतिकृतीवर बसून अंग झुकवावे लागे. भारतात घराघरांतील आणि सायबर कॅफेतील संगणकांवर ज्या ‘रोड रॅश’ने एका पिढीला वेड लावले, तो १९९१ पासूनचा इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा खेळही याच घराण्यातला, मात्र त्यात शर्यतीइतकेच महत्त्व शेजारच्या स्वाराला साखळीने फटकावण्याला होते. दुसऱ्या घराण्यात गाडी बाजूने दिसते. निन्टेन्डोचा १९८४ चा ‘एक्साइटबाइक’ हा त्याचा मूळपुरुष म्हणता येईल, कारण हवेत असताना गाडीचे नाक वर-खाली करून नीट उतरण्याचे कसब आणि सतत जोर लावल्यास इंजिन तापून बंद पडण्याची अडचण, या दोन्ही गोष्टी त्यात होत्या. ब्राउझरने या दुसऱ्या घराण्याला जवळ केले, त्याला सौंदर्यदृष्टीपेक्षा व्यवहार अधिक कारणीभूत होता. बाजूने दिसणाऱ्या सपाट चित्राला संगणकाची ताकद कमी लागते, धारिका लहान राहते आणि संथ इंटरनेटवरही खेळ थोड्या वेळात उघडतो.

या घराण्याला खरे वळण मिळाले ते हंगेरीच्या बालाझ रोझा यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘इलास्टो मॅनिया’ने. सफरचंदे गोळा करून शेवटी फुलाला स्पर्श करायचा, असे त्याचे बाळबोध उद्दिष्ट होते. परंतु गाडीची चाके स्प्रिंगांवर अशी काही लवत आणि उसळत असत, की प्रत्येक उंचवट्यावर खेळाडूला वस्तुमान, वेग आणि कल यांचा नव्याने हिशेब करावा लागे. त्याच सुमारास फिनलंडमधील रेडलिंक्स या संस्थेने ‘ट्रायल्स’ ही मालिका जावा या संगणकीय भाषेवर चालणाऱ्या ब्राउझर-खेळाच्या रूपात सुरू केली आणि पुढे २००९ मध्ये तिची ‘ट्रायल्स एचडी’ ही आवृत्ती एक्सबॉक्सवर गाजली. या मालिकेचे नाव एका प्रत्यक्ष क्रीडाप्रकारावरून आले आहे. मोटारसायकल ट्रायल्समध्ये खडक, ओंडके, ओढे अशा अडथळ्यांवरून पाय जमिनीला न टेकवता गाडी न्यायची असते आणि पाय टेकला की दंडगुण बसतात. तिथे वेगाला दुय्यम स्थान असते. कळफलकाच्या मोबाइलवर स्वीडनच्या कोडब्रू संस्थेचा ‘ग्रॅव्हिटी डिफाइड’ हा २००४ चा खेळ ज्यांनी खेळला आहे, त्यांना केवळ रेषांनी काढलेल्या त्या डोंगरवाटेवर हाच अनुभव आला असेल.

गाडीची रचना संगणकाच्या लेखी अगदी मोजकी असते. दोन वर्तुळे म्हणजे चाके, एक ताठ चौकट म्हणजे सांगाडा आणि या दोहोंना जोडणाऱ्या आभासी स्प्रिंगा, ज्यांचे काम खऱ्या गाडीत शॉकअप करतात. स्प्रिंग जितकी दाबली जाईल तितक्या जोराने ती उलट ढकलते, हा हूकचा शाळेत शिकवला जाणारा नियम आणि स्प्रिंगचे हेलकावे हळूहळू शमवणारा अवरोध, एवढ्या दोन गोष्टींवर गाडीचा सगळा ‘जिवंतपणा’ उभा असतो. हे गणित प्रत्येक निर्मात्याने नव्याने मांडावे लागत नाही. त्यासाठी भौतिकी-इंजिन म्हणून ओळखले जाणारे तयार आज्ञासंच मिळतात. एरिन कॅटो यांनी बनवून सर्वांसाठी मुक्तपणे उपलब्ध करून दिलेले ‘बॉक्स-टू-डी’ हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असून, असंख्य छोट्या खेळांच्या पोटात तेच काम करत असते.

या गणिताची कसोटी उडीच्या वेळी लागते. उंचवट्याच्या टोकावरून पुढचे चाक सुटते तेव्हा मागचे चाक अजून जमिनीवर असते, त्यामुळे पुढच्या भागाचा आधार जाऊन गाडी नाकावर झुकू लागते. त्याच क्षणी रेस चालू असेल, तर मागच्या चाकाला जमिनीकडून मिळणारा रेटा गुरुत्वमध्याच्या खालून लागतो आणि नाक वर उचलतो. म्हणजे टोकावरच्या निमिषभरात खेळाडूने काय केले, यावर पुढची सगळी उडी ठरते. हवेत गेल्यावर खऱ्या स्वारापुढे मोजकेच पर्याय उरतात. बाहेरून फिरवणारे बल, ज्याला भौतिकशास्त्रात आघूर्ण म्हणतात, ते नसेल तर गाडी आणि स्वार यांच्या फिरण्याचे एकूण प्रमाण, म्हणजे कोनीय संवेग, बदलत नाही. मात्र त्याची वाटणी बदलता येते. रेस वाढवली की मागचे चाक अधिक जोराने फिरते आणि त्याची भरपाई म्हणून सांगाडा उलट दिशेने फिरून नाक वर येते; मागचा ब्रेक दाबला की थांबणाऱ्या चाकाचा संवेग सांगाड्यात उतरतो आणि नाक खाली जाते. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. तशा शर्यतीत हवेत असलेल्या गाडीच्या इंजिनाचा आवाज मध्येच चढतो किंवा तुटतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

ब्राउझरमधील बहुतेक खेळ इथेच सरळ खोटे बोलतात. डावी कळ दाबताच गाडीला कुठूनही न आलेले आघूर्ण मिळते आणि ती अधांतरी कोलांटी घेते. खरा कसरतपटू मागची कोलांटी उंचवटा सोडतानाच सुरू करतो, कारण नंतर ती विकत घेता येत नाही. खेळातला स्वार मात्र हवेत पोहोचल्यावर निर्णय घेतो. ‘मोटो एक्सथ्रीएम’ तर पूर्ण कोलांटीबद्दल घड्याळातला काही वेळ वजा करून बक्षीसही देतो. हे खोटेपण क्षम्य आहे, किंबहुना आवश्यक आहे, असेच म्हणावे लागेल. कारण भौतिकशास्त्र काटेकोर पाळले तर उडी सुटल्यावर खेळाडूला जवळजवळ काहीच करायला उरणार नाही.

उतरण्याच्या बाबतीत मात्र हे खेळ पुष्कळ प्रामाणिक असतात. हवेचा विरोध सोडला, तर पाच मीटर उंचीवरून पडणारी कोणतीही वस्तू जमिनीशी पोहोचेपर्यंत ताशी सुमारे ३६ किलोमीटरचा खालच्या दिशेचा वेग घेते. गाडी सपाटीवर उतरली तर हा सगळा वेग स्प्रिंगांना गिळावा लागतो. तो त्यांना पेलला नाही की गाडी उसळते आणि उलटते. तीच गाडी पुढेही ताशी ३६ किलोमीटरने जात असेल आणि ४५ अंशांच्या उतारावर उतरली, तर तिच्या मार्गाची दिशा आणि उताराची दिशा नेमकी जुळते. तत्त्वतः धक्का बसतच नाही आणि पडण्यातून मिळालेला वेग पुढे धावण्यासाठी कामी येतो. म्हणूनच कसलेला खेळाडू लांब उडीपेक्षा नेमक्या उतारावर संपणारी उडी पसंत करतो आणि त्यासाठी उंचवट्याआधी ब्रेक लावायलाही कचरत नाही. दोन्ही चाके उताराला समांतर ठेवून एकाच वेळी टेकवणे, हे चारही कळांचे अंतिम प्रयोजन आहे.

हे सारे सलग चाललेले दिसते, पण संगणक ते तुकड्यातुकड्यांनी मोजतो. सर्वसाधारण पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो आणि प्रत्येक चित्राआधी गाडीची जागा, वेग आणि कल नव्याने काढला जातो. ताशी १०८ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अशा दोन चित्रांच्या मध्ये अर्धा मीटर पुढे सरकते. वाटेत दहा सेंटिमीटर जाडीची फळी उभी असेल, तर गाडीचा एखादा छोटा भाग एका चित्रात फळीच्या अलीकडे आणि पुढच्या चित्रात पलीकडे असण्याची शक्यता असते आणि संगणकाच्या हिशेबी टक्कर झालेलीच नसते. भिंतीतून आरपार जाणाऱ्या गाड्यांची ‘जादू’ बहुधा अशी घडते. ती टाळण्यासाठी चांगले निर्माते हिशेबाचे टप्पे आणखी लहान करतात आणि पडद्याच्या गतीपासून ते वेगळे ठेवतात. तसे न केल्यास सेकंदाला १४४ चित्रे दाखवणाऱ्या महागड्या पडद्यावर तोच खेळ जवळजवळ अडीचपट वेगाने धावू लागतो आणि घड्याळाशी लावलेल्या पैजेला अर्थ उरत नाही.

खेळाडूला गुंतवून ठेवण्यात भौतिकशास्त्राइतकाच वाटा चूक स्वस्त ठेवण्याचा आहे. गाडी आपटली की पुढच्या क्षणी ती मागच्या टप्प्याच्या खुणेपाशी पुन्हा उभी राहते, त्यामुळे खेळाडू धाडस करतो, फसतो आणि हात सुधारतो. मात्र याच सोयीचा काही रचनाकार गैरफायदा घेतात. उडी सुटल्यानंतरच दिसणारे खिळे, अचानक कोसळणारा पूल किंवा वरून पडणारी करवत हे सापळे तोलाची परीक्षा घेत नाहीत; ते आधी एकदा मरून लक्षात ठेवायचे असतात. अशा टप्प्यांची खैरात झाली की खेळ कसबाचा न राहता पाठांतराचा होतो, आणि या प्रकारातील अनेक अनुकरणे नेमकी इथेच ढिसाळ ठरतात.

ब्राउझर-खेळांचा मोठा काळ फ्लॅश या तंत्रावर उभा होता. १९९६ मध्ये फ्यूचरस्प्लॅश या नावाने आलेले हे तंत्र मॅक्रोमीडियाने घेतले आणि २००५ मध्ये मॅक्रोमीडियासह ते अडोबीकडे गेले. ब्राउझरला जोडावा लागणारा हा वेगळा भाग सुरक्षिततेच्या दृष्टीने सतत गळका राहिला आणि आयफोनने तर तो कधी स्वीकारलाच नाही. दरम्यान ब्राउझर स्वतःच चित्रे रंगवू लागले: २०११ मध्ये त्रिमितीय चित्रांसाठी वेबजीएल आले आणि २०१४ मध्ये एचटीएमएल-फाइव्ह हे मानक पक्के झाले. अखेर अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशला असलेला आधार थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यावरचा आशय चालणेच बंद केले. जे खेळ नव्या तंत्रावर पुन्हा रचले गेले ते टिकले. बाकीचे हजारो खेळ, त्यांत मोटारसायकलीचेही कितीतरी, एका तारखेनंतर अचानक उघडेनासे झाले.

ते पूर्णपणे नाहीसे झाले नाहीत, याचे श्रेय बव्हंशी हौशी मंडळींना जाते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्लॅशपॉइंट’ या उपक्रमाने एक लाखाहून अधिक वेब-खेळ जतन केले आहेत, तर ‘रफल’ हा आज्ञासंच जुने फ्लॅश खेळ आजच्या ब्राउझरमध्ये चालवून दाखवतो आणि त्याच्याच आधारे इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून असे खेळ खुले केले. तेव्हा जुना मोटारसायकल खेळ पुन्हा खेळण्याची हुक्की आलेल्या वाचकांनी तो आधी या ठिकाणी शोधावा. ‘फ्लॅश प्लेअर उतरवून घ्या’ अशी सूचना देणारे एखादे संकेतस्थळ आजही भेटले, तर ते ताबडतोब बंद करावे, कारण अडोबी आता असे काहीही देत नाही आणि त्या नावाखाली जे उतरते ते बहुधा संगणकाला अपाय करणारेच असते.